अनारकानचे ससे

अनारकानला जाऊन एकवीस दिवस झाले होते, तेव्हा कुमुश व्याली.

कुमुश ही अनारकानची चंदेरी मादी. गोठ्यामागच्या पडवीत, जिथे पूर्वी खोगिरं आणि दोरखंड टांगलेले असायचे, तिथे अनारकानने सात वर्षं ससे पाळले होते. शेवटच्या हिवाळ्यात तिला उठवेना, तेव्हा तिने बहुतेक ससे गावात वाटून टाकले. कुमुश तेवढी ठेवली, एक थोराड नर ठेवला आणि कुमुशची पाच महिन्यांची एक पोर ठेवली. जायच्या चार दिवस आधी तिने नवऱ्याला, सादिरकुलला, जवळ बसवून घेतलं.

“कुमुश गाभण आहे,” ती म्हणाली. “समोरच्या लिदा अपाने तिला नर दाखवून आणलाय. पिल्लं झाली की त्यातल्या दोन माद्या माझ्या ऐसालकिनला द्या. मी तिला शब्द दिलाय.”

“देईन.”

“तुम्हाला नर कुठला नि मादी कुठली ते तरी कळतं का? अडलं तर लिदा अपाला विचारा.”

“एकतीस वर्षं मेंढ्यांची बाळंतपणं केली मी,” सादिरकुल म्हणाला. “आता सशासाठी त्या जर्मन म्हातारीच्या दारात जाऊन उभा राहू?”

अनारकानने डोळे मिटले.  त्यानंतरच्या चार दिवसांत सशांचा विषय पुन्हा निघाला नाही.

सादिरकुल जन्माचा मेंढपाळ. उन्हाळा वर डोंगरातल्या कुरणांवर, हिवाळा खाली तलास नदीच्या खोऱ्यात. त्याच्या लेखी जनावरं चारच, घोडा, उंट, गाय आणि मेंढी. गुडघे गेले म्हणून तीन वर्षांपूर्वी कळप सोडला, तरी हे मत काही सुटलं नाही. घरी पाहुणे जमले की कोणीतरी खोड काढायचंच.

“काय सादिरकुल, ऐकतोय की तुझ्या मेंढ्यांचे कान लांब झालेत?”

“माझ्या नव्हेत, बायकोच्या. कान धरून उचलता येतं त्याला मी जनावर म्हणत नाही.”

“मग काय म्हणतोस?”

“उंदीर. धष्टपुष्ट उंदीर.”

सगळे खो खो हसायचे. अनारकान तिथेच चहा ओतत असायची. तीही थोडीशी हसायची आणि वाट्या पुढे सरकवायची. ती हसते म्हणजे तिलाही गंमत वाटते, असं सादिरकुल सात वर्षं धरून चालला होता.

तर कुमुश व्याली. सकाळी चारा टाकायला गेला तेव्हा त्याला दिसलं की तिने छातीवरचे केस उपटून लाकडी पेटीत मऊ गादी केली आहे, आणि त्या केसांखाली काहीतरी हलतंय. हात घालून पाहिलं तर आठ पिल्लं, गुलाबी, डोळे मिटलेली, प्रत्येक अंगठ्याएवढं. अनारकानला मातीत ठेवताना गावासमोर त्याचे डोळे कोरडे राहिले होते. इथे पडवीत, पालथ्या बादलीवर बसून तो ढसाढसा रडला. मग तोंड पुसून त्याने ठरवलं की ही आठच्या आठ जगवायची.

तो तिथेच बसून राहिला. कुमुश पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला पेटीकडे पाठ करून गवत खात होती. दुपार झाली, ती पेटीकडे फिरकली नाही. संध्याकाळ झाली, तरी नाही. पिल्लं अधूनमधून वळवळत होती आणि आई कान मागे टाकून डुलक्या घेत होती.

सादिरकुलने हे शेकडो वेळा पाहिलं होतं. पहिलटकरीण मेंढी कधीकधी कोकरू टाकून बाजूला जाते, हुंगत नाही, जवळ येऊ देत नाही. अशा वेळी गप्प बसलं तर कोकरू पहाटेपर्यंत मरतं. काय करायचं ते त्याच्या हातांना पाठ होतं. त्याने घरातून मीठ आणलं, पिल्लांच्या अंगावर भुरभुरवलं, म्हणजे आई चाटेल. तिने चाटलं नाही. मग त्याने कुमुशला मानेला धरून पेटीत दाबलं आणि वरून तोच सूर धरला, जो रुसलेल्या मेंढीसाठी धरतात, लांबलचक, हळू, तोच तोच. त्या सुराने भल्याभल्या मेंढ्या वितळलेल्या त्याने पाहिल्या होत्या. कुमुशने मागच्या पायांनी त्याचं मनगट ओरबाडून काढलं आणि उडी मारताना दोन पिल्लं चेंगरली.

“कसाई आहेस तू, आई नाहीस,” तो तिला म्हणाला.

उरलेली सहा त्याने टोपीत घालून घरात नेली, चुलीशेजारी ठेवली आणि गायीचं दूध कोमट करून थेंब थेंब पाजलं. कोकरं अशीच जगतात. पिल्लांची पोटं फुगली, मग ढाळ लागले. दुसऱ्या दिवशी चार गेली, तिसऱ्या दिवशी दोन.

चौथ्या दिवशी सकाळी ऐसालकिनचा फोन आला. ऐसालकिन म्हणजे अनारकानची धाकटी बहीण, नदीपलीकडच्या गावात दिलेली. अनारकानच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाचं ठरवायला ती दुपारी येणार होती. घरात शिजवायला काही नव्हतं. सादिरकुल सुरी घेऊन पडवीत गेला. पोरं टाकणाऱ्या मेंढीला कळपात जागा नसते, हा त्याचा नियम होता आणि तो त्याने कधी मोडला नव्हता. त्याने देवाचं नाव घेतलं आणि कुमुशला कापलं.

कातडं सोलताना पोटाशी पोहोचला तेव्हा सुरीखालून पांढरं काहीतरी ओघळलं. बोटांवर आलं, मनगटावरच्या ओरखड्यांत गेलं, चुरचुरलं. दूध होतं. घट्ट, भरपूर. पोटाच्या दोन्ही बाजूंना आचळं तटतटलेली होती.

एकतीस वर्षं जनावरांत काढलेल्या माणसाला याचा अर्थ कोणी सांगायला लागत नाही. जिला पाजायचं नसतं तिचं दूध चार दिवसांत आटतं. हिचं आटलं नव्हतं. ही पाजायला तयार होती, आणि पेटी रिकामी होती.

तो तसाच उकिडवा बसून राहिला. मग त्याने विहिरीवर जाऊन हात धुतले, पुन्हा धुतले, आणि परत येऊन मांस कापायला घेतलं. पाहुणी यायची होती.

ऐसालकिन आली ती दोन पिशव्या घेऊन. आल्याआल्या तिने खिडक्या उघडल्या, भांडी घासली, बहिणीची शाल खुंटीवर पाहून थोडं रडली आणि मग जेवायला बसली. सादिरकुलने कांदा-बटाटा घालून मांस परतलं होतं.

“ससा का?” पहिल्याच घासाला ती म्हणाली. “दाजी, अगदी ताईच्या हातचा झालाय हो. लुसलुशीत.”

“एक जादा नर होता.”

“चांगलं केलंत. तुम्ही स्वतः रांधलंत? ताईने बघायला हवं होतं. तिला वाटायचं, तिच्यामागे तुम्ही नुसत्या पाव-चहावर जगाल.” ती पोटभर जेवली. शेवटचं हाडसुद्धा चोखून तिने बाजूला ठेवलं आणि हात पुसले. “चला, आता कुमुश दाखवा. पिल्लं झाली असतील ना? मी पेटी करून घेतलीय माझ्या नवऱ्याकडून, दोन कप्प्यांची.”

सादिरकुल चहा ओतत होता. त्याने वाटी काठोकाठ भरली. पाहुण्याला अशी भरलेली वाटी द्यायची नसते, ती लवकर ऊठ म्हणून सांगण्यासारखी असते. त्याच्या ध्यानातही आलं नाही.

“कुमुश राहिली नाही,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“कुत्र्याने मारली.”

“कुठल्या कुत्र्याने?”

भटकं कुत्रं असं सांगून भागलं नसतं. गावात एकूण एक कुत्रं ओळखीचं, आणि भटक्या कुत्र्याचा माग सादिरकुलने काढला नाही यावर शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नाही. त्याने खिडकीबाहेर पाहिलं. गल्लीपलीकडे लिदाच्या दारात तिचा कुत्रा, पिरात, उन्हात पसरला होता. बारा वर्षांचा, अर्धे दात पडलेला.

“समोरच्या,” तो म्हणाला.

“आणि पिल्लं?”

“आईवाचून किती दिवस जगणार?”

ऐसालकिन डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे टिपत बसली. तिने चहाला हात लावला नाही.

“बरं झालं, ताईला हे बघावं लागलं नाही,” ती म्हणाली. “पहिल्या वर्षी तिने कसलं रडं मांडलं होतं, आठवतं ना? नाही, तुम्ही कुठले असायला, वर डोंगरात होता. पहिली मादी व्याली आणि दिवसभर पिल्लांजवळ जाईना. ताईला वाटलं, टाकलीच तिने. म्हणून हातात घेऊन दूध पाजत बसली. सगळी गेली. मग लिदा अपाने तिला धरून बाहेर काढलं, म्हणाली, अगं बये, सशाची आई दिवसातून एकदाच जाते पिल्लांकडे, पहाटे, चार मिनिटं. बाकीचा वेळ लांब बसते, म्हणजे कोल्ह्याला कळू नये घर कुठे आहे ते. ती लांब बसते तीच तिची माया.”

सादिरकुल मान खाली घालून होता.

“तुम्हाला माहीत नव्हतं?”

“नाही.”

“नाहीच सांगितलं असेल तिने. तुम्ही हसला असता.”

हे ती सहज म्हणाली. टोमणा मारायचा म्हणून नव्हे. आज वारा आहे म्हणावं, तितकं सहज. सादिरकुलला ते वर्ष आठवलं. शरदात तो कळप घेऊन खाली आला होता आणि पडवीमागे त्याला मातीचे लहान लहान उंचवटे दिसले होते, वर एकेक दगड ठेवलेला. काय लावलंयस गं, असं त्याने विचारलं होतं. कांदे, असं ती म्हणाली होती. ते कांदे कधी उगवले नाहीत, आणि त्यानेही कधी विचारलं नाही.

ऐसालकिन उठली. “मी त्या म्हातारीकडे जाऊन येते.”

“राहू दे.”

“राहू दे काय? तिला कळायला नको? तुम्हीच म्हणता ना, ज्या कुत्र्याने एकदा पाळीव जनावराचं रक्त चाखलं ते ठेवायचं नसतं. तुम्ही तर स्वतःचा कुत्रा गोळी घालून मारलात.”

“ऐसालकिन...”

पण ती पायात जोडा सरकवून गेलीसुद्धा. सादिरकुल उष्ट्या थाळ्यांसमोर बसून राहिला. ऊठ, असं तो स्वतःला सांगत होता. पाय उचलत नव्हते. गुडघ्यांवर खापर फोडता आलं असतं, पण तेवढा खोटेपणा आता त्यालाही झेपत नव्हता.

थोड्या वेळाने अंगणात पावलं वाजली, तेव्हा कुठे तो उठून बाहेर आला. लिदा आली होती. गावच्या बायकांची अपा, म्हणजे थोरली बहीण, चौऱ्याहत्तर वर्षांची, ठेंगणी, डोक्याला रुमाल बांधलेली. तिचे सगे केव्हाच जर्मनीला गेले, ही एकटी मागे राहिली होती. तिच्या हातात दोरी होती आणि दोरीला पिरात. तो शेपूट हलवत होता. मागे ऐसालकिन.

“सादिरकुल,” लिदा म्हणाली, “मी त्याला रोज बांधते. आज बारा वर्षं बांधते. कसा सुटला मला कळत नाही. पण तू म्हणतोस म्हणजे तसंच असेल. बाकी कशाचं काही का असेना, जनावरांच्या बाबतीत तू खोटं बोलणारा नाहीस.” तिने दोरी पुढे केली. “माझ्याच्याने हे होणार नाही. तुझ्याकडे बंदूक आहे. फक्त मी घरात गेल्यावर कर.”

सादिरकुलने दोरी घेतली नाही.

“घे ना. ताटकळत ठेवू नकोस म्हातारीला.”

“त्याने नाही मारली,” सादिरकुल म्हणाला.

“काय?”

“कुत्र्याने नाही मारली. मी कापली.”

ऐसालकिनचं तोंड उघडंच राहिलं. “कुणाला कापलं?”

“कुमुशला. ती दिवसभर पिल्लांकडे गेली नाही. मला वाटलं, टाकली तिने. मीठ लावलं, दाबून धरली, घरात नेऊन दूध पाजलं. सगळी मेली. मग आज सकाळी तिला कापलं.”  त्याने दारातून आत, उष्ट्या थाळ्यांकडे बोट केलं. “दुपारी जेवलो ती तीच.”

 ऐसालकिन कुंपणापाशी गेली आणि पाठमोरी होऊन वाकली. तिला उलटी झाली नाही. ती नुसती वाकून उभी राहिली, तोंडावर हात धरून. मग घरात जाऊन आपल्या दोन्ही पिशव्या घेऊन आली.

“मी लुसलुशीत म्हणाले,” ती म्हणाली. “आणि तुम्ही मला म्हणू दिलंत.”

ती निघून गेली. सादिरकुलने तिला थांबवलं नाही.

लिदाने दोरी हाताला गुंडाळली. तिच्या चेहऱ्यावर राग होता की काय होतं, ते पाहायला सादिरकुलने मान वर केली नाही.

“दूध होतं तिला?” तिने विचारलं.

“होतं. हातावर आलं.”

“म्हणजे तुला कळलं होतं. आणि तरी माझ्या कुत्र्याचं नाव घेतलंस.”

“हो.”

“बरं,” लिदा म्हणाली, आणि पिरातला घेऊन गेली.

चाळिसाव्याला ऐसालकिन आली. तिने शंभर माणसांचं वाढलं, खांद्याला खांदा लावून सगळं केलं, पण सादिरकुलशी एक शब्द बोलली नाही. लोकांना वाटलं दुःखामुळे. सादिरकुलने कोणाची समजूत काढली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गल्ली ओलांडून लिदाच्या दारात जाऊन उभा राहिला. चाळीस वर्षं समोरासमोर राहून त्याने हे दार कधी वाजवलं नव्हतं.

“काय आहे?” ती दारातच म्हणाली.

“लिदा अपा, एक मादी उरलीय. कुमुशची पोर. मला शिकव.”

“शिकायला आली तेव्हा अनारकान तीन दिवस इथे उभी होती. मी तिला आत घेत नव्हते. म्हटलं, तुझा नवरा चारचौघांत मला काय म्हणतो ते मला ऐकू येतं.”

“मग?”

“मग काय? ती म्हणाली, त्यांचं सोडा हो अपा, ते वर्षातले सहा महिने डोंगरात असतात.” लिदा जराही हसली नाही. “तू तर आता बाराही महिने इथेच. ये. जोडे बाहेर काढ.”

मे महिन्यात पोर जोडीला तयार झाली. सादिरकुल घरच्या थोराड नराला उचलून तिच्या पिंजऱ्यात सोडायला निघाला, तर लिदाने त्याच्या दंडाला धरलं.

“कुठे निघालास? तो बाप तिचा. माझा नर घ्यायचा. आणि नराला मादीच्या घरात नाही न्यायचं, फाडून ठेवेल त्याला. तिला त्याच्या घरी न्यायचं.”

“घोड्यांत तर...”

“घोड्यांत! आयुष्यभर तुझं घोड्यांत नि मेंढ्यांत. इथे नवरी नवऱ्याकडे जाते. दोन मिनिटं बसते आणि माघारी येते. काय समजलास?”

“समजलो.”

“लाजतोस काय एवढा? मी पाहिलंय सगळं.”

तो त्यासाठी लाजत नव्हता, पण तिला तसं समजू दिलं.

जूनमध्ये पोर व्याली. त्या दिवशी लिदाने त्याला पडवीत पाऊलसुद्धा टाकू दिलं नाही. सकाळी तिने एकदाच हात घालून पाहिलं, मेलेलं एक बाहेर काढलं आणि दाराला कडी लावली. सादिरकुल बाहेर भिंतीला टेकून बसला. आत काहीच हालचाल नव्हती. ऊन वर आलं, उतरलं. शंभरदा त्याच्या मनात आलं की ती लांब बसली असेल, पाठ करून, आणि पिल्लं उपाशी असतील. हात कडीकडे जायचा. एकदा तर तो उठून दारापर्यंत गेलाही, आणि तिथे उभ्याउभ्या त्याला वाटलं, अनारकानही त्या पहिल्या वर्षानंतर अशीच बसत असणार. ती इथे, आणि तो वर डोंगरात, कोणाला तरी उंदरांच्या गोष्टी सांगून हसवत. तो परत येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिदाने कडी काढली. “ये. एकाचं पोट बघ, बाकीच्यांना हात लावू नकोस.”

त्याने केसांखालून एक पिल्लू बोटांनी उघडं केलं. पोट गच्च गोल होतं, पातळ कातडीतून आतलं दूध पांढरं दिसत होतं.

“जाते ती,” तो म्हणाला.

“जाणारच. आई आहे.”

ऑगस्टमध्ये त्याने ऐसालकिनला निरोप धाडला. ती येईल की नाही याची त्याला खात्री नव्हती. ती आली, दोन कप्प्यांची पेटी घेऊन, नवऱ्याला गाडीतच बसवून. सादिरकुलने दोन माद्या निवडून ठेवल्या होत्या. मादी कोणती हे ओळखायला लिदाने त्याला तीनदा शिकवलं होतं, तरी त्याने तिच्याकडून पुन्हा तपासून घेतलं होतं. त्याने त्या एकेक करून पेटीत ठेवल्या, मागून आधार देऊन.

“कान धरून नाही उचलत आता?” ऐसालकिनने विचारलं. चार महिन्यांतलं तिचं पहिलं वाक्य.

“दुखतं त्यांना.”

“कोणी सांगितलं?”

“लिदा अपाने.” मग तो म्हणाला, “तुझ्या ताईने कुमुशच्या पिल्लांतल्या द्यायला सांगितलं होतं. ह्या तिच्या पोरीच्या आहेत. तिच्या माझ्यामुळे जगल्या नाहीत. कोणी विचारलं तर तसंच सांग.”

ऐसालकिनने पेटीवर फडकं टाकलं.  सादिरकुल घरातून पाव घेऊन आला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. घरी आलेल्याने निदान एक तुकडा तोंडात टाकल्याशिवाय जायचं नसतं. चहाला ये, असं म्हणायची त्याची छाती झाली नाही.

तिने पावाकडे पाहिलं. त्याच्याकडे पाहिलं नाही. कडेचा एक लहान तुकडा तिने मोडला. तो तोंडात टाकला नाही, रुमाल काढला, त्यात तुकडा बांधला आणि रुमाल पिशवीत ठेवला.

“वाटेत खाईन,” ती म्हणाली.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तरी सादिरकुल मोडलेला पाव धरून फाटकात उभा होता. समोरून लिदाने हाक मारली की पिंजऱ्यातलं पाणी बदललं नाहीस, ऊन किती आहे बघ. तो पाव घरात ठेवून पाणी बदलायला गेला.